बहिणीची नव्हे, बहिणींची

शाळा सोडून सहा वर्षं झाली तरी सगळी गल्ली तिला मास्तरीणच म्हणायची. नोकरी कशी सुटली, तेही गल्लीला तोंडपाठ होतं. पालकसभेची इंग्रजी पत्रकं छापून आली होती आणि 'पेरेंट्स' या शब्दात अपॉस्ट्रॉफीची ती वरची शेपटी एसच्या आधी जाऊन बसली होती. मास्तरीण पत्रक घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली.

"सर, सभा एकाच पालकाची आहे का? मग बाकीच्यांना कशाला त्रास द्यायचा?"

शिक्षकांच्या खोलीपर्यंत हसू ऐकू गेलं. मुख्याध्यापकांना बाकी काहीही चालायचं, हसू चालायचं नाही. आधी तिचे वरचे वर्ग गेले, मग सगळेच वर्ग गेले, आणि शेवटी तिला पुस्तकांच्या कपाटांवर लक्ष ठेवायला बसवलं. माफी माग, प्रकरण मिटेल, असं सगळे सांगत होते. "चूक त्यांची आणि माफी मी मागू? भले," असं म्हणून तिनं राजीनामा दिला आणि घरी आली.

घर ताईचं. वडील गेले तेव्हा ताई आठवीत होती. ती शाळा सोडून एका लॉन्ड्रीत इस्त्रीला लागली आणि धाकटीला तिनं शिकवलं. त्या दिवशी ताईनं राजीनाम्याबद्दल एक शब्द विचारला नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या भट्टीत किती दिवस भाजून घ्यायचं? आपण आपलंच काढू या का?"

आईचे दागिने दोघींच्या वाट्याचे होते. ते मोडून त्यांनी एक बंद पडलेलं गॅरेज भाड्यानं घेतलं, जमिनीवरचे तेलाचे डाग घासून काढले, दोन मशिनं बसवली. ताईचा हात इस्त्रीवर असा की कॉलर पाहून माणूस ताठ चालायला लागायचा. मास्तरणीला डागांचं वेड. शाईचा डाग कशानं जातो, गंजाचा कशानं, ते ती पुस्तकं वाचून आणि हात पोळवून शिकली. खळ कालवायचं काम तर तिनं कधी कुणाला दिलंच नाही. दोघींनी मिळून दुकानाला नाव दिलं सिस्टर्स लॉन्ड्री. दारावर खडूनं लिहिलेलं होतं, तेवढ्यावर भागत होतं.

मग ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, कामाला होते तो कारखाना बंद पडला आणि ते गल्ल्यावर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. बोलका, हसतमुख, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. फक्त इंग्रजी लिहायची भारी हौस. त्यांनी दरांचा फलक रंगवला आणि शर्ट, पँट, कोट, सगळ्यांच्या अनेकवचनाला एकेक शेपटी लावून दिली.

"भावोजी, हे शर्टाचं काय?" मास्तरणीनं विचारलं.

"शर्टाचं काय म्हणजे?"

"तुम्ही 'शर्टाचं' असं लिहिलंय. शर्टाचं काय ते पुढे लिहिलंच नाही. नुसते पुष्कळ शर्ट असले की शेपटी लागत नाही."

भावोजी हसले, तीही हसली. फलक तसाच राहिला. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते मोठ्या बोर्डानं. स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या चादरी धुवायचं काम मिळायची आशा होती, म्हणून भावोजींनी उठावदार प्लास्टिक अक्षरांचा निळा बोर्ड करून आणला. बोर्ड वर चढला आणि मास्तरीण खालून बघतच राहिली. सिस्टर्समधली शेपटी एसच्या आधी होती.

"भावोजी, ही एकाच बहिणीची लॉन्ड्री झाली. शेपटी एसच्या नंतर हवी."

"अगं, एवढ्याशा टिकलीकडे कोण बघतंय?"

ताई म्हणाली, "राहू दे गं, लावून झालाय आता." मास्तरीण खळ कालवायला आत गेली, पण तिचा चेहरा दिवसभर उतरलेला होता.

चार दिवसांनी हॉटेलची देखरेख करणारी बाई दुकान बघायला आली. मशिनं पाहिली, चादरीची घडी उलगडून पाहिली आणि विचारलं, "दुकान कोणाचं?"

"माझ्या मिसेसचं," भावोजी म्हणाले. मग मास्तरणीकडे हात करून, "ही तिची बहीण. हाताशी असते."

बाई गेली. काम मिळालं. मास्तरणीनं हातातली खळीची बादली खाली ठेवली, मागची शिडी ओढत पुढे आणली आणि भर दुपारी, समोरच्या न्हाव्याच्या आणि त्याच्या अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाच्या साक्षीनं वर चढली. डाग खरवडायच्या सुरीनं तिनं ती शेपटी उचकटली आणि एसच्या पलीकडे गोंदानं चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटी पुन्हा जुन्या जागी होती.

"भावोजी, हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं. बोर्ड मी आणलाय. आणि ऐक, तिच्या जिवावर शिकलीस आणि तिच्याच दुकानाला व्याकरण शिकवतेस?"

"शिकले म्हणूनच मला दिसतंय, मी कुठून बाहेर पडले ते."

"राईचा पर्वत करू नकोस."

"मी काही करत नाही," असं म्हणून मास्तरीण गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली आणि खरंच तिनं काही केलं नाही. ज्या दुकानात ती नाही, त्या दुकानात तिचा हातही नाही. दुकान बंद होईपर्यंत घरीही जाईना, कामालाही हात लावीना. डागांचे कपडे एका बाजूला साठले. भावोजींनी कालवलेल्या खळीत गुठळ्या झाल्या आणि हॉटेलच्या उशांचे अभ्रे पापडासारखे कडक झाले. न्हावी येऊन विचारून गेला, "उपोषण आहे का?" "जेवते मी," ती म्हणाली. "काम करत नाही."

ताई दोन दिवस एकटीच राबली. कोणाचीच बाजू घेतली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं, ओले हात पदराला पुसले आणि बहिणीसमोर स्टूल ओढून बसली.

"मला इंग्रजी येत नाही. मला माझ्या भाषेत सांग, नेमकं काय बिघडलंय?"

मास्तरणीनं बोट पाण्यात बुडवून लाकडी टेबलावर लिहिलं: बहिणीची. "हे बोर्डावर आहे." मग 'णी'वर बोटानं एक टिंब दिलं. "आणि हे आपण ठरवलं होतं."

ताईनं मोठ्यानं वाचलं, "बहिणींची."

"मराठीत टिंब लागतं. इंग्रजीत टिंबाऐवजी ती शेपटी जागा बदलते, एसच्या आधी एकीची, नंतर दोघींची."

पाणी वाळत चाललं होतं. ताई बघत राहिली. "म्हणजे ध चा मा झाला," ती म्हणाली, आणि वळून हाक मारली, "अहो, जरा शिडी आणा."

"तू पण?" भावोजी म्हणाले. "सारखं वरखाली करायचं? लोक हसतील."

"हसू देत. आठवीत शाळा सोडली ती हिला बाहेर ठेवायला नव्हे. हिच्या हाताशी मी असते आणि माझ्या हाताशी ही. तुम्ही चढता की मी चढू?"

ताईचं वजन आणि शिडीचं वय दोन्ही भावोजींना माहीत होतं. ते पुटपुटत चढले. शेपटी निघताना निळ्या रंगाचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे. पुढच्या आठवड्यात हॉटेलची बाई आली तेव्हा भावोजींनी स्वतःहून सांगितलं, "मागच्या वेळी माझं चुकलं. दुकान या दोघींचं आहे." बाई म्हणाली, "कोणाचंही असू दे, अभ्रे एवढे कडक नकोत." मास्तरणीनं पुन्हा खळीची बादली हातात घेतली.

भावोजी आठवडाभर तिच्याशी मोजकंच बोलले. मग एका कोटावरचा मेणाचा डाग त्यांना जाईना, तेव्हा बोलायला लागले. तिनंही तो विषय काढला नाही, पण बोर्डाखालून जाताना मान वर करायची ती करायचीच.

परवा एक वकील कोट न्यायला आले होते. बोर्डाकडे बघून म्हणाले, "बाई, हल्ली मोठमोठ्या कंपन्यासुद्धा ही खूण गाळतात. तुम्ही कशाला धरून बसलात?"

"त्यांचा मालक कोण ते जगाला ठाऊक असतं," मास्तरीण म्हणाली. "आम्हाला सांगावं लागतं. आणि तुमच्या अस्तराला शाई लागली होती, ती काढलीय. पेन खिशात उलटं ठेवू नका."