घरातच उघडणारा कप्पा

माझ्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, डोमिसाइल, सगळं एकदा एका अनोळखी माणसामुळे अडकून पडलं होतं. खरं तर त्याच्यामुळे नाही, आमच्याच चुकीमुळे. अमरावतीला बारावीत असताना मी हे सगळे कागद स्कॅन करून इंटरनेटवरच्या एका फुकट खात्यात ठेवले होते आणि त्या खात्याला बाबांचा जुना नंबर जोडला होता. त्या नंबरवर पुढे कोणी रिचार्ज केला नाही. तो बंद पडला आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला तरी मिळाला. अकोल्यात कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी मी पासवर्ड विसरले आणि ओटीपी त्या माणसाकडे गेला. मी त्याला फोन लावला. तो बैतूलकडचा होता, आवाजावरून वयस्कर वाटला. मी अडखळत हिंदीत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बेटा, ओटीपी किसी को देना नहीं चाहिए. तुम भी किसी को मत देना." आणि फोन ठेवून दिला.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबा मूळ कागदांची पिशवी पोटाशी धरून मोर्शीकडून एसटीने अकोल्याला आले. अमरावतीला गाडी बदलताना त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, पिशवीवरचा हात सुटू नये म्हणून. कागद माझ्या हाती देताना म्हणाले, "हे पाह्य, असा असते भरोशाचा कागद. हाताले लागते."

तेव्हाच मी ठरवलं की आपले कागद आपल्याच घरी ठेवायचे, पण दुरूनही काढता आले पाहिजेत. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे कोणताही कागद लागला, की विचारायला दुसरं कोणी नसायचं. अमरावतीच्या कॉलेजातल्या सरांकडे स्क्रीन फुटलेला एक लॅपटॉप पडून होता, तो त्यांनी मला असाच दिला. दिवाळीच्या सुट्टीत मी तो घरी नेला आणि वर्गमित्रांना विचारत, व्हिडिओ पाहत, चार दिवस चुकत चुकत त्याचा सर्व्हर केला. कागदांच्या पत्र्याच्या पेटीवर फळी होती, तिच्यावर तो ठेवला. गावात केबलवाल्याचं वायफाय आलं होतं, त्याला जोडला. माझ्या फोनमध्ये वेगळं एक ॲप टाकलं, म्हणजे मी अकोल्याहूनही त्यात शिरू शकेन. आईच्या फोनमध्ये साधी सोय केली. घरात असताना तिने कागदाचा फोटो काढला, की तो आपोआप मशीनमध्ये जायचा आणि फोनमधून निघून जायचा. तिचा फोन सारखा भरून जायचा, म्हणून तसं केलं होतं. घराबाहेर तिला कशाला लागणार, असं मी धरून चालले होते.

आत मी चार कप्पे केले. एक माझा, एक आईचा, एक बाबांचा, एक घराचा.

"म्हंजे आपापलं आपापल्यात," आई म्हणाली.

"हो."

"आन ते बाहेरच्याईले दिसत तं नाही? सातबारा हाये त्यात," बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. मशीन आपल्या घरातच हाये. दुसऱ्या कोणाकडे काही जात नाही."

बाबांनी लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं. एक वायर बोर्डात गेली होती, बाकी काही नव्हतं. त्यांचं समाधान झालं.

आईला तर त्या कामाची गोडीच लागली. घरात कागद आला, की आधी फोटो, मग पेटी. विजेचं बिल, खताची पावती, लग्नाच्या पत्रिका, एकदा तर नव्या कुकरचं माहितीपत्रक, सहाही भाषांतलं. बाबा म्हणायचे, "जपून राहा बाप्पा, तुही माय आता माहाच फोटो काढून मशीनमंदी टाकते, आन मले पेटीत ठेवते."

अकोल्यात माझी खोली एका घराच्या मागच्या बाजूला होती. सोबतची मुलगी मूर्तिजापूरची, शुक्रवार आला की गावी पळायची. शनिवार-रविवार मी कोणाशी न बोलता काढायचे. कधी मेसवाल्या काकूंना "भाजी थोडी कमी" एवढंच बोलणं व्हायचं. अशा वेळी मी घरच्या मशीनमध्ये शिरायचे. काम काहीच नसायचं. गावात लाइट असली की ती उघडायची, नसली की उघडायची नाही, एवढ्यावरूनही घरचं काहीतरी कळल्यासारखं व्हायचं. मग आईने काय काय टाकलंय ते बघत बसायचे. कुठल्यातरी पत्रिकेच्या फोटोत कोपऱ्यात तिचा अंगठा आलेला असायचा, हळदीने पिवळा. मी तो मोठा करून बघायचे.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी बाबांच्या कप्प्यात नवा कागद दिसला. अमरावतीच्या एका लॅबचा रक्ताचा रिपोर्ट होता. वर बाबांचं नाव, वय. खाली दोन ओळी ठळक अक्षरांत, म्हणजे आकडा असायला हवा त्याहून जास्त. त्यातला एक शब्द मला माहीत नव्हता. शोधला, तर तो मूत्रपिंडाशी संबंधित निघाला. मी बराच वेळ तो रिपोर्ट बंदच केला नाही. बाबांचं वय मला त्या कागदावरून पहिल्यांदा नीट कळलं, हेही आठवतंय.

संध्याकाळी आईचा फोन आला. मला वाटलं, आता सांगेल.

"काय करून राहिली?"

"काही नाही. बाबा कसे हायेत?"

"त्याईले काय होते? कलमा बांधाले गेले नर्सरीत. आता येतीन."

बाबा संत्र्याच्या कलमा बांधतात. सुट्टीत मीही त्यांच्याजवळ जाऊन बसते. दिवसभर उकिडवं बसून रोपाच्या खुंटावर डोळा, म्हणजे संत्र्याचा अंकुर, बसवायचा आणि पट्टीने बांधायचा, असं ते काम. मी म्हटलं, "बरं." माझ्या लक्षात आलं, की आई खोटं बोलतेय आणि ती ते सरळ आवाजात बोलू शकते.

तिने ते का लपवलं, ते मला कळत होतं. माझं दुसरं वर्ष होतं, परीक्षा होती, आणि मी आले असते तर नुसतं एसटीचं भाडं आणि रडणं. पण मग तिने कागद तिथे टाकला कसा? याचा उलगडा व्हायला मला दोन दिवस लागले. तिच्या दृष्टीने ते कपाटाचे कप्पे होते. माझा कप्पा मला दिसतो, बाबांचा बाबांना. मी चारही कप्प्यांना कुलूप लावलं नव्हतं, कारण लावावं लागेल असं मनातच आलं नव्हतं. मशीन पेटीवर ठेवलेली होती, म्हणून तिच्यात टाकलेलं पेटीत टाकल्यासारखंच घरात राहतं, अशी तिची पक्की समजूत होती.

मी तिला सांगू शकले असते. सांगायला हवं होतं का, ते मला अजूनही नक्की माहीत नाही. सांगितलं असतं तर तिने पुढचा कागद टाकला नसता. फोनवर तर ती सगळं बरं आहे असंच म्हणत राहिली असती. बाबांचं खरं काय चाललंय ते मला सांगणारं जगात एकच ठिकाण होतं, आणि तिथे मी तिच्या नकळत बसले होते.

म्हणून मी गप्प राहिले. फेब्रुवारीत दुसरा रिपोर्ट आला, मग सोनोग्राफी, मग एका डॉक्टरांची चिठ्ठी. अक्षर लागत नव्हतं, तरी 'मीठ कमी' एवढं मराठीत होतं. मी रोज फोनवर बोलायचे. मेसची भाजी, अकोल्याचं ऊन, प्रॅक्टिकल. एकदा न राहवून म्हटलं, "बाबाले लोनचं कमी देत जा."

"तुले काहून आठवलं लोनचं?"

"असंच. उन्हाळा येऊन राहिला."

आई म्हणाली, "तू आपली जेवजो नीट." मागून बाबांचा आवाज आला, "अकोला तापला का नाही अजून? का तुह्या कॉलेजात एसी बसवला?" ते नेहमीसारखेच हसले. त्या हसण्याचा आवाज ऐकताना माझ्यासमोर त्यांच्या रक्तातला आकडा होता. ते दोन्ही एकाच माणसाचं आहे, हे मला जुळवता येत नव्हतं. सोबतच्या मुलीला सांगावं असं खूपदा वाटलं. पण ती म्हणणार, आईला विचार ना, आणि मग मी हे आईच्या नकळत बघते, तेही सांगावं लागलं असतं.

एप्रिलमध्ये, माझी प्रॅक्टिकल परीक्षा व्हायच्या आठवड्यात, एका सकाळी कॉलेजच्या पायऱ्यांवर असताना आईचा फोन आला. ती त्या वेळी कधीच फोन करत नाही. मागे गर्दीचा आवाज होता आणि कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"अवं, मशीन घराबाहेरून कशी उघडाची? माह्या मोबाईलात काहीच दिसून नाही राहिलं."

"तू कुठं हायेस?"

"अमरावतीले आली होती. बाजाराले." मग घाईने, "एक कागद पाह्यजे होता. घरी राहून गेला. घराले कुलूप हाये, किल्ली माह्याजवळ. लवकर सांग, नंबर येऊन राहिला."

घराबाहेरून मशीन उघडायचं ॲप तिच्या फोनमध्ये नव्हतंच. ते टाकायला, समजावून सांगायला, वेळ नव्हता. मी पायरीवर बसले आणि फोन कानाशी धरूनच विचारलं, "पयला रिपोर्ट पाह्यजे का फेब्रुवारीतला?"

पलीकडे नंबर पुकारणारा माणूस पुन्हा ओरडला.

"आई, कोणता?"

"पयला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनते, आधीचा दाखवा, किती फरक पडला ते पाह्यजे."

मी सोनोग्राफीसकट तिन्ही रिपोर्ट पाठवले. चिठ्ठीही पाठवली. 'पोचले' असं तिचं उत्तर आलं नाही, पण दोन निळ्या खुणा दिसल्या. मी वर्गात गेले नाही, तिथेच बसून राहिले.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिचा फोन आला. आवाज बसलेला.

"कवापासून वाचून राहिली होती?"

"संक्रांतीपासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू बी तं नाही बोलली."

"मी तुह्यासाठी लपवलं. तू कोनासाठी लपवलं?"

माझं उत्तर यायच्या आधीच ती म्हणाली, "बाप लेकीच्या फोनवर हासते, अन् लेक तिकडे त्याचं रगत वाचून राहिली. हे बरं हाये का? चोरासारखं?"

बाबांनी तिच्याकडून फोन घेतला. "जाऊ दे ना बाप्पा. तिनंच मशीन केली, तिले नाही दिसन तं कोनाले दिसन? अन् आज कामात तं आली." मग मला म्हणाले, "गोळ्या देल्ल्या हायेत. पानी मोजून पेवाचं. अजून डायलिसिसच्या मशीनवर टाकत नाही म्हनते, पाहू. तुही परीक्षा कवा संपते?"

परीक्षा संपल्यावर मी गेले. बाबांच्या पावलांवर सूज होती, चपलेचा पट्टा त्यांनी सैल केला होता. मला पाहून ते बाजेवर उठून बसले. जेवताना त्यांचं ताट वेगळं वाढलं होतं, त्यात लोणचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई पेटीजवळ बसून म्हणाली, "मले एक कप्पा असा करून दे, का जो या घरातच उघडीन. अकोल्यात नाही."

"आई, त्या दिवशी असा कप्पा असता तं काय केलं असतं?"

"तुले फोन केला असता. केलाच ना?"

"पण मी पाठवला कुठून असता?"

"नसता पाठवला. डॉक्टरले सांगतलं असतं, परत येतो. माह्या मानसाचं दुखनं मले कोनाले कवा सांगाचं ते मी ठरवीन. तुले बी मीच सांगीन. सांगीनच. पन तोंडानं सांगीन."

मी खूप समजावलं. एकाच जागी कागद ठेवणं धोक्याचं आहे, मशीन जळू शकते, दुरून काढता येणं हाच तर सगळ्या खटाटोपाचा अर्थ होता. तिने सगळं ऐकलं आणि पुन्हा तेच म्हणाली. शेवटी मी कप्पा केला. फक्त घरच्या वायफायवर उघडेल असा. त्याची प्रत एका पेनड्राइव्हवर आपोआप निघेल आणि पेनड्राइव्ह पेटीत राहील, एवढं मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. पासवर्ड तिने टाकला, एका बोटाने, हळूहळू. मी तोवर भिंतीकडे तोंड करून बसले. मशीन मीच बनवलेली, त्यामुळे मनात आणलं तर मी आत शिरू शकते. तिला ते माहीत नाही. मी शिरलेले नाही.

आता नवा रिपोर्ट आला, की आई संध्याकाळी फोन करते आणि वाचून दाखवते. इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगते, मी इकडे शब्द जोडते. आकडा आधीपेक्षा कमी की जास्त, ते मी सांगते, मग ती ते बाबांना ओरडून सांगते. पूर्वीपेक्षा आमचं बोलणं जास्त वेळ चालतं. तरीही फोन ठेवला की खोली जास्तच मोठी वाटते. ती जेवढं वाचते तेवढंच आता मला माहीत असतं.

परवा ती वाचता वाचता मध्येच थांबली. कागदाची चुरचुर ऐकू आली.

"पुढं काय हाये?" मी विचारलं.

"पुढं काही नाही," ती म्हणाली. "डॉक्टरची सही हाये."

मी "बरं" म्हटलं.