शेवटून पहिली मावशी

खानदेशात आजवर जितकी माणसं कुठल्या ना कुठल्या शर्यतीत शेवटची आली असतील, त्या सगळ्यांमध्ये माझी धुळ्याची मावशी पहिली, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. सलग पाच वर्षं एकाच स्पर्धेत शेवटचा नंबर टिकवणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. आणि स्पर्धाही साधी नव्हे. आधी नदीत अर्धा किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं वीस किलोमीटर सायकल हाणायची, आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या पाच किलोमीटर पळायचं. याला ट्रायथलॉन म्हणतात. मावशीच्या गल्लीत याचं ‘तीर्थलॉन’ झालं होतं, आणि हा कुठलासा नवा, कडक उपवास असावा अशी बऱ्याच बायकांची समजूत होती. मावशी ती समजूत दूर करत नसे. उपवास म्हटलं की लोक आडवे येत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मावशी धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पस्तिशीत असताना एका हिवाळ्यात सकाळी उठली तर तिला बोटं मिटताच येईनात. मग मनगटं सुजली, गुडघे सुजले, पावलं सुजली. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की हा म्हातारपणचा संधिवात नाही, आमवात आहे, आणि तो आता मुक्कामाला आला आहे. त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक घरात एकेक वैद्य तयार झाला. कुणी निर्गुडीचा पाला आणून दिला, कुणी एरंडेल, कुणी डिंकाचे लाडू. मावशी कुणाचाही उपाय नाकारायची नाही. उजव्या गुडघ्याला एकीचा पाला आणि डाव्या गुडघ्याला दुसरीचं तेल लावून ती दोघींनाही सांगायची की तुमच्याच गुडघ्याला जास्त आराम आहे. त्या काळी या आजारावर सोन्याची इंजेक्शनं देत. खरोखरचं सोनं, औषधाच्या रूपात. ही बातमी गल्लीत पसरल्यावर मावशीचा मान भलताच वाढला. एका लग्नात कुणीतरी तिला विचारलं, “बाई, गळ्यात काहीच नाही घातलं?” मावशी शांतपणे म्हणाली, “सोनं मी आतून घालते.”

तिच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची फजिती ठरलेली. त्या घरात कुठल्याही डब्याचं, बरणीचं, बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं नसायचं, कारण एकदा लागलेलं झाकण मावशीच्या बोटांना उघडत नसे. पाहुण्यानं सवयीनं लोणच्याची बरणी झाकणाला धरून उचलली की झाकण हातात आणि लोणचं पायावर. फळ्यावर लिहिताना ती खडू मुठीत धरायची, त्यामुळे तिनं काढलेली तापी जाड आणि नर्मदा त्याहून जाड दिसायची. कित्येक मुलींना तापी समुद्राइतकी रुंद आहे असं वाटून गेलं असेल. सकाळी तिचं अंग आखडलेलं असे. उठून दोन-अडीच तास गरम पाण्यात हात बुडवून, भिंतीला धरून येरझाऱ्या घातल्या की कुठे सांधे मोकळे व्हायचे. “माझं दुकान साडेसातला उघडतं,” असं ती म्हणायची, आणि साडेसातची शाळा गाठायला पहाटे साडेचारला उठायची.

डॉक्टरांनी पोहायला सांगितलं हे निमित्त झालं. मावशी तापीकाठच्या गावात वाढलेली. चालण्याआधी नाही तरी शाळेत जाण्याआधी ती पोहायला शिकली होती. धुळ्याच्या पोहण्याच्या तलावावर दुपारी एक तास बायकांचा असे. मावशी पंजाबी ड्रेस घालून तिथे जाऊ लागली आणि तिला शोध लागला की पाण्यात गुडघ्यांना मावशीचा भार लागत नाही. मग सायकल. सायकलवरही भार बसायच्या जागेवर, गुडघ्यांवर नाही. अडचण एकच होती, ब्रेक. बोटांनी ब्रेक दाबता येईना आणि अंगठ्यानं घंटी वाजेना. तेव्हा काही महिने तिनं आवाजावर भागवलं. धुळ्याच्या बाजारात दुपारच्या वेळी “सरका हो, ब्रेक लागत नाही” अशी आरोळी आली की पेठेतली माणसं दुतर्फा पांगत. शेवटी एका सायकलवाल्यानंच तिची दया येऊन, की पेठेची दया येऊन, ब्रेकच्या दांडीला नळीचा तुकडा जोडून दिला. तो मनगटानं ओढला की सायकल थांबायची. बहुतेक वेळा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावहून चोपड्याकडे जाताना तापीकाठी एका कारखान्याची वसाहत होती. तिथल्या हौशी इंजिनिअर मंडळींनी ही तिहेरी स्पर्धा सुरू केली. त्यांतल्या एकाची बायको मावशीची जुनी विद्यार्थिनी. तिनं पत्रात सहज लिहिलं, तर मावशीनं उलट टपाली फॉर्म मागवला. तेव्हा मी जळगावला पिंप्राळ्यात राहायचो, शाळामास्तर होतो आणि माझ्याकडे स्कूटर होती. मावशी आदल्या दिवशी एसटीनं माझ्याकडे आली, सायकल एसटीच्या टपावर. “तू फक्त स्कूटरवर मागून ये,” ती म्हणाली. “माझ्या मागे कुणीतरी असलं की बरं वाटतं.”

पहिल्या वर्षी तीसेक स्पर्धक होते. बहुतेक सगळे कारखान्यातले दणकट तरुण. जानेवारीचं पाणी इतकं गार की दुसरी जी एक बाई आली होती ती गुडघाभर पाण्यातूनच परत फिरली. मावशी पाण्यात शिरली आणि थेट चौथी बाहेर आली. सगळे चकित. मीही. पण तिथून पुढे तिचा नंबर जो घसरायला लागला तो शेवटी आणखी घसरायला जागाच उरली नाही म्हणून थांबला. पळण्याचा रस्ता पाटाच्या कडेनं केळीच्या बागांतून जायचा. मावशीचं पळणं म्हणजे तापलेल्या वाळूवर कुणी अनवाणी चालावं तसं. तळपाय टेकवायचा, लगेच उचलायचा, दोन्ही हात छातीशी. एका बागेत पाणी भरणारा शेतकरी धावत बांधावर आला आणि काळजीनं विचारू लागला, “अक्का, काय व्हयनं? कोन्ही मांगे लागनं का?”

मावशी न थांबता म्हणाली, “नही भाऊ. बठ्ठा लोके पुढे गयात, मी एकलीच मांगे शे.”

ती पोहोचली तेव्हा पावणेबारा वाजले होते. बक्षिसं वाटून झाली होती, पाहुणे निघून गेले होते, मांडवाचे दोर सुटत होते. तिच्या विद्यार्थिनीचा नवरा, तो इंजिनिअर, तेवढा हातात घड्याळ घेऊन उन्हात उभा होता. त्यानं वेळ लिहून घेतली. मग आम्हाला थंड झालेली वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढली. मावशीला बट्टी कुस्करता येईना म्हणून मी कुस्करून दिली. पहिला घास घेण्याआधी तिनं त्याला विचारलं, “पुढच्या वर्षी कधी ठेवताय?”

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. वेळ थोडी सुधारायची, नंबर मात्र तोच. पण या प्रकाराचा कारखान्याला फायदा झाला. आपण निदान त्या धुळ्याच्या बाईंच्या मागे पडायचं नाही, एवढ्या एका धास्तीनं तिथली पोटं सुटलेली मंडळी दिवाळीपासून पहाटे पळू लागली. एका हिशेबनीसानं तर तंबाखू सोडली. एके वर्षी नवीन आलेल्या एका साहेबांनी तिला अडवलं. ते चांगल्या मनानंच म्हणाले, “बाई, गुडघ्यांची ही अवस्था आहे. आम्ही परवानगी कशी द्यायची?” मावशी त्यांच्याकडे पाहून म्हणाली, “गुडघा मना शेतस, भाऊ. तुम्हना नहीत.” भूगोलाची बाई एरवी शुद्ध बोलायची. अहिराणी ती फक्त मनातलं बोलायला वापरायची. साहेब इकडचे नव्हते, त्यांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला.

या सगळ्यात काका कधी आले नव्हते. काका म्हणजे मावशीचे यजमान. कोर्टात नोकरीला, दिवसभर दुसऱ्यांची भांडणं ऐकून घरी गप्प बसणारे. गल्लीत कुणी त्यांना चिडवलं की “बायकोला आवरा”, तर ते नुसते हसायचे. पाचव्या स्पर्धेनंतर मावशीचा आजार उसळला. तीन महिने ती जवळजवळ अंथरुणाला खिळून होती. शाळेत रजा. चमचा धरता येईना. मी भेटायला गेलो तेव्हा काका तिच्या मागे स्टुलावर बसून तिची वेणी घालत होते. चार पेडांची, एकदम घट्ट आणि सुरेख. मी बघत राहिलो तसे ते जरा ओशाळून म्हणाले, “सवयीनं येतं.”

औषध बदललं, मावशी हळूहळू उठली आणि पुढच्या जानेवारीत तिनं सहावा फॉर्म भरला. या वेळी काका तिच्याबरोबर पिंप्राळ्याला आले. संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, “यंदा नको.”

“का हो?” मावशीनं विचारलं.

“पहाटे उठताना तू कण्हतेस. तुला वाटतं मी झोपलेलो असतो.” काकांनी कप खाली ठेवला. “मला वेणी घालायचा कंटाळा नाही. पण तुला तसं पुन्हा बघायचं माझं धाडस होत नाही.”

मी आणि माझी बायको खाली बघत बसलो. मावशीनं आपला कप दोन्ही तळव्यांत धरला. मग म्हणाली, “अहो, दुखायचं ते घरातही दुखतंच. पण घरात मी आजारी असते. सगळे मला हळू आवाजात विचारतात. तिथे मी आजारी नसते. तिथे मी नुसती मागे असते.”

सकाळी काकांनीच तिच्या आधी उठून पाणी तापवलं.

त्या दिवशी पाण्यातून मावशी अकरावी आली. सायकल कशीबशी झाली. पळताना तिसऱ्या किलोमीटरला तिचा उजवा गुडघा मुडपला आणि ती पाटावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली ती बसलीच. मी स्कूटर लावून तिच्याजवळ गेलो. गुडघा नारळाएवढा दिसत होता. “बस मागे, मावशी,” मी म्हणालो. ती मानेनंच नको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. मग समोरून, शर्यतीच्या उलट्या दिशेनं, कोर्टाचे काळे बूट घातलेले काका चालत येताना दिसले. सगळे पोहोचले आणि ही आली नाही, म्हणून ते निघाले होते. मला वाटलं आता ते तिला रागावतील, स्कूटरवर बसवतील. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, रुमालानं तो बांधला आणि मला विचारलं, “किती राहिलंय?”

“दोन किलोमीटर.”

“उठता येतंय का बघ,” ते तिला म्हणाले आणि हात पुढे केला.

“हात धरू नका,” मावशी म्हणाली. “बाद करतील.”

काकांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधले. मावशी मोरीच्या कठड्याला रेटून उठली. दोन किलोमीटर ती चालली, पाऊल पाऊल मोजून, आणि काका तिच्या शेजारून, दोन हात अंतर ठेवून, पाठीमागे हात बांधून चालले. ती थांबली की ते थांबत आणि केळीच्या घडांकडे बघत उभे राहत. वसाहतीच्या फाटकातून आत शिरल्यावर काका हळूच मागे राहिले. मावशीनं शेवटची रेघ ओलांडली आणि मग चांगली चार पावलं जाऊ देऊन त्यांनी ओलांडली. तो इंजिनिअर घड्याळ घेऊन उभाच होता. त्यानं मावशीची वेळ लिहिली, काकांकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि खालच्या ओळीत काकांचं नाव आणि वेळ लिहिली. त्या वर्षी मावशी शेवटून दुसरी आली.

ती तिची शेवटची स्पर्धा. पुढे त्या इंजिनिअरची बदली झाली आणि स्पर्धाही बंद पडली. काका निवृत्त झाल्यावर फार वर्षं राहिले नाहीत. मावशीची बोटं आता वाऱ्यानं एका बाजूला झुकलेल्या कणसांसारखी कलली आहेत, आणि केस तिनं कापून टाकले आहेत, कारण वेणी दुसऱ्या कुणाकडून तिला आवडत नाही. धुळ्याला गेलो की संध्याकाळी मी तिला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत फिरवून आणतो. दोनशे पावलांचं अंतर असेल, आम्हाला अर्धा तास लागतो. मी नकळत पुढे जातो, मग थांबतो, घरांच्या पाट्या वाचत उभा राहतो. मागच्या खेपेला असाच उभा होतो. ती सावकाश येऊन माझ्याजवळ पोहोचली, माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “दमलास का रे? बस घटकाभर. मला घाई नाही.”