अमीनाबादेत ऐकलेली अहिराणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आज सांगतेय, कारण काल अमीनाबादच्या बाजारात जे कानावर पडलं ते अजून कानातून जात नाही.

लखनौतल्या मराठी मंडळींना मी पुण्याची वाटते. इथल्या महानगर नावाच्या वस्तीत दर रविवारी त्यांच्या मुलांना मराठी शिकवते — अगदी शुद्ध, खणखणीत. माझं माहेर मात्र धुळ्याजवळच्या खेड्यातलं. अहिराणीतच रडले, अहिराणीतच भांडले. ठेच लागली की अजून तीच तोंडात येते.

मागच्या वर्षी तन्वी वर्गात आली. सात वर्षांची, वडील हवाई दलात, आई सुरेखा धुळ्याकडचीच. पोरगी आजीची गोष्ट सांगायला लागली, अस्सल अहिराणीत, हातवारे करत — आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ती गोष्ट मला पाठ होती, पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. तुम्हाला वाटेल, मी ते म्हटलं असेल? मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, असं गावंढळ बोलायचं नाही. मुलं हसली. मीही हसले — हो, मीही.

वर सुरेखाला बजावलं, घरात ही भाषा बंद करा, मुलीचं मराठी बिघडतंय. तिनं मान डोलावली. तुम्ही कुठल्या, असं तिनं विचारलं, तर मी बेधडक पुणं सांगितलं. का? माझं बिंग फुटू नये म्हणून, दुसरं काय.

आणि काल — कापडाच्या दुकानात पाठीमागून आवाज आला, "आठे ये वं माय, हाई देख." इथे ये, हे बघ. माझी आई मला अशीच बोलवायची. हसू आवरेना. धावत जावं, गळ्यात पडावं, सांगावं, मी बी तठलीच शे, मीही तिथलीच आहे! वळले, तर सुरेखा. शेजारी तन्वी.

तन्वी कुजबुजली, "मम्मी, ऐसे मत बोलो ना. मैम ने मना किया है."

सुरेखानं आजूबाजूला पाहिलं, ओशाळून. मग म्हणाली, "अच्छा बेटा, सॉरी. ये वाला देखो."

एक वाक्य पुरलं असतं. ते मला येत होतं. मी कापडाच्या थप्पीमागे सरकले आणि त्या दोघी बाहेर पडेपर्यंत तिथंच दडून राहिले.