फडावर गेलेली संस्था

इथे सुरतेत माझ्या खोलीखाली रसवंती आहे. दुपारी चरक फिरू लागला, की उसाचा ओला, हिरवट, किंचित आंबूस गंध जिना चढून वर येतो आणि शिलाई मशीनवरचा माझा हात आपसूक थबकतो. इतरांना त्या गंधात गारवा लाभत असेल. मला पाचटाने कापलेली बोटे आठवतात, पहाटेचे दव आठवते, बादलीत घुमणारी दुधाची धार आठवते. आणि त्या धारेपाठोपाठ सरूकाकू! माझी चुलती, शिरूरकडच्या आमच्या वाडीतल्या बायकांच्या दूध संस्थेची अध्यक्ष.

सहकार हा शब्द मला शाळेने शिकवला नाही. सातवीतच शाळा सुटली. तो मी शिकले काकूच्या ओट्यावर. तिथे प्रत्येकीचे दूध सगळ्यांदेखत मोजले जाई. गाडीवाला व्यापारी मापात अंगठा बुडवायचा, म्हणून तर बायकांनी संस्था काढली होती. "माप सगळ्यांना एकच, सासूला बी आन् सुनंला बी," असे काकू म्हणायची. किती साधे बोलणे, आणि किती जणींचा त्यावर संसार!

मग तो दुष्काळ आला. दिवाळी झाली की आमची निम्मी वाडी ऊसतोडीला जाते आणि म्हशी म्हाताऱ्यांजवळ राहतात. त्या साली मात्र गावात ना पाणी ना वैरण. तोडीवर निदान उसाचे वाढे तरी जनावरांच्या तोंडी लागतात. म्हणून बायकांनी म्हशीही ट्रकात चढवल्या, म्हातारीकोतारीही चढली. काकूने संस्थेच्या खोलीला कुलूप घातले आणि दुधाची मापे लुगड्यात गुंडाळून बरोबर घेतली. उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांसमोर, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपड्यांसमोर, रोज संध्याकाळी दूध मोजले जाई, जवळच्या गावात विकले जाई, चुलीपाशी बैठकही भरे. काका चिडवायचा, "अगं, कोयता घिऊन आलीस का अध्यक्षाची खुर्ची घिऊन?" काकू म्हणायची, "खुर्ची कोपीत मावना, न्हाईतर तीबी आनली असती!"

सहकार खात्याच्या कचेरीला कळवावे, हे मात्र एकीलाही सुचले नाही. आपण जिथे, तिथे आपली संस्था. त्यात कळवायचे ते काय?

आमच्या मागे वाडीत त्या कचेरीचे तपासणीचे साहेब येऊन गेले. त्यांना कुलूप दिसले, दूध दिसले नाही. नोंदणी का रद्द करू नये, याचा खुलासा मागणारी नोटीस त्यांनी दाराला चिकटवली. रिकाम्या वाडीत ती वाचणार कोण? खुलासा आला नाही म्हणून संस्था बंद धरली गेली. गुढीपाडव्याला आम्ही परतलो, तेव्हा रद्द केल्याचा हुकूम मीच वाचून दाखवला. आता संस्था जिला दूध घालायची ती डेअरी आमचे दूध घेणार नव्हती, आणि गाडीवाला पुन्हा वाडीत चकरा मारू लागला होता. हुकमाच्या तळाशी वरच्या साहेबांकडे अपील करता येईल, अशी ओळ होती. काकू चमकली. "म्हंजी ह्यांच्यावर बी कुनी हाय?"

अपिलाच्या सुनावणीला तिने मला सोबत नेले. सरकारी कचेरीचा जिना चढायची मला भीती वाटते, आजही वाटते. आपण चार बुकं शिकलेलो, काही वेडेवाकडे बोललो आणि संस्था बुडाली तर? पण साहेबांनी आधी आम्हाला बसायला सांगितले, आणि त्या एका शब्दासाठी त्यांची मी अजून ऋणी आहे.

"संस्था बंद होती ना?" त्यांनी विचारले.

"न्हाई, साहेब. संस्था आमच्यासंगं फडात व्हती," काकूने सांगितले.

कोपऱ्यातला कारकून खुदकन हसला. साहेब हसले नाहीत. "नोटीस मिळाली होती?"

"दाराला लावली व्हती म्हनं. पन दार कुठं आमच्यासंगं आलं व्हतं?"

"जाताना कळवलं होतं का?"

"न्हाई. तेवढं आमचं चुकलं," काकू म्हणाली.

सत्तेच्या खुर्चीपुढे खरे बोलणे मी तेव्हा प्रथम पाहिले. त्यात आरडाओरडा नव्हता, गयावया नव्हती. मला वाटायचे, सरकारचा हुकूम म्हणजे आभाळ. पडले तर पडले, कोरडे गेले तर गेले. पण हुकूम माणसांनीच लिहिलेला असतो, आणि ज्याच्यावर तो लिहायचा त्याला आधी विचारावे लागते, हे कोयता धरणाऱ्या हातांना कुणी कधी सांगितले होते?

निकालाआधीच मी पोटासाठी इकडे आले. मग एका दुपारी काकूने निकालाच्या कागदाचा फोटो पाठवला आणि लगोलग फोन केला. ओट्यावर सगळ्या जमल्या होत्या. आधीचा हुकूम रद्द झाला होता. तपासणी नव्याने करायची होती, तीही सभासद गावी असताना. तोवर डेअरीने दूध घ्यायचे होते. म्हणजे पुरते जिंकलो नव्हतोच. तपासणीचे साहेब पुन्हा येणार, पुन्हा पारखणार. माझी धाकधूक तशीच होती.

काकूने मात्र वेगळेच विचारले. "आमचं ऐकलं, आसं लिवलंय का त्यात?"

मी फोटो मोठा करून शोधले. "लिवलंय, काकू. 'संस्थेच्या अध्यक्षांचे म्हणणे समक्ष ऐकले.'"

पलीकडून काकूचा आवाज आला, जरासा घोगरा.

"तेवढंच पुन्यांदा वाच. जरा मोठ्यानं, मागच्यांना बी ऐकू दे."