पुढच्या सीटवरचे मालक

"समज, मालक पुढच्या सीटवर बसलेत," असं म्हणून अक्का मोबाईल डोळ्यांजवळ न्यायची आणि स्वतः लिहिलेलं मला हळू आवाजात वाचून दाखवायची. धारवाडहून हुबळीला जाणारी सकाळची बस. पुढच्या सीटवर बहुतेक वेळा कुणीतरी पेंगत असायचं. तरी त्या पाठमोऱ्या माणसाचा मान ठेवून ती वाचायची. एखाद्या ओळीवर आवाज अडला की वाटेतलं रायापूर यायच्या आत ती ओळ पुसलेली असायची.

अक्काचा ब्लॉग होता; कारखान्यात सगळेच तिला अक्का म्हणायचे. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही पंपाचे भाग तपासायचो. ती कायमची, मी कॉलेजच्या सुट्ट्यांपुरती. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. लिहिणं हे मोठ्या माणसांचं काम, असं मला वाटायचं. डबा धुता धुता पुढचं वाक्य जुळवणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. तुम्ही तरी पाहिली आहे का?

तिच्या लिखाणात कारखान्याचं नाव नसायचं, गिऱ्हाइकाचं नसायचं, भागांचा फोटो तर नाहीच. कामाच्या वेळेत मोबाईल पिशवीतच.

"टोपणनाव का घेत नाहीस, अक्का?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"टोपणनाव घेतलं की तोंडाला लगाम राहत नाही. उद्या नोकरी गेली तर माझ्या पोरीची फी ते टोपणनाव भरणार काय?"

एकदा तिनं पायांबद्दल लिहिलं. आम्ही दिवसभर उभ्यानं तपासणी करायचो. 'घरी आलेल्या पाहुण्याला आपण आधी बसा म्हणतो. माझ्या पायांना दिवसभरात कुणी बसा म्हणत नाही,' असं त्यात होतं. बसमध्ये तिनं ते दोनदा वाचलं. आवाज अडला नाही. तिनं ते ब्लॉगवर टाकलं.

पुढच्याच आठवड्यात खंडेनवमी आली. यंत्रं धुऊन झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ज्यानं त्यानं आपलं हत्यार पूजेच्या टेबलावर मांडलं. अक्कानं मोजपट्टीशेजारी आपला मोबाईल ठेवला.

"हे कसलं हत्यार?" सुपरवायझर हसला आणि मालकांकडे वळला. "याच हत्यारानं ही आपली बदनामी करते, मालक. मी वाचलंय."

मालक टेबलासमोरच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले होते.

"वाच बघू," ते अक्काला म्हणाले.

अक्कानं मोबाईलवरचं फूल बाजूला केलं आणि बसमध्ये वाचायची तसंच वाचलं. फक्त आवाज मोठा होता. तो कुठंच अडला नाही.

"यात माझं नाव कुठाय?" मालकांनी सुपरवायझरला विचारलं. मग अक्काला म्हणाले, "कुठला कारखाना हा?"

"ज्याला ओळखू येईल त्याचा, मालक."

ते थोडा वेळ आमच्या पायांकडे बघत राहिले. मग उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस, अक्का."

"एका खुर्चीत किती जणी बसणार, मालक?"

आधी मालक हसले, मग आम्ही सगळ्याच. शेवटी सुपरवायझरलाही हसावं लागलं. त्यानंच पूजेचा कोहळा फोडला. दिवाळीनंतर प्रत्येकीला उंच स्टूल मिळालं. अक्काची नोकरी राहिली, ब्लॉगही राहिला. त्यानंतर मालक दुसऱ्यांना अभिमानानं सांगायचे, "आमच्यात एक लेखिका आहे."

यंदा ती बेळगावच्या मोठ्या कारखान्यात गेली. तपासणी विभाग तिच्या हाताखाली आहे. तिथंही लिहिते.

मीही लिहायला लागले आहे. हे पहिलंच. आज सकाळी बसमध्ये, अक्का पुढच्या सीटवर बसली आहे असं समजून, मी ते हळू आवाजात वाचलं. ती बेळगावला गेली त्या दिवसाबद्दलच्या एका ओळीवर आवाज अडला. रायापूर यायच्या आत मी ती पुसून टाकली.