मनातल्या मनात एक, दोन, तीन

अमरावतीहून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागले तेव्हा माझी ख्याती एवढीच होती की मी फार बोलते. आमच्याकडे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं नाही, तर पोरगी रुसली असं समजतात. कोथरूडच्या ऑफिसात मात्र माझं वाक्य सुरू झालं की लोक घड्याळाकडे बघत. म्हणून मी सदाशिव पेठेत, माझ्या खोलीपासून चार घरं सोडून, व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावला.

क्लासचे सर टाय बांधत आणि खाली कोल्हापुरी चपला घालत. त्यांचं म्हणणं, भेटणाऱ्याला तुमची एकच गोष्ट आठवली पाहिजे, आणि ती प्रत्येक भेटीत तीच दिसली पाहिजे. एकाला त्यांनी हस्तांदोलन दिलं, एकीला शाईचं पेन. मला म्हणाले, "तुम्हाला कुणीही काहीही विचारलं की मनात एक, दोन, तीन म्हणायचं. मग बोलायचं. लोक म्हणतील, ही मुलगी विचारी आहे."

"ऑफिसात ना?"

"सगळीकडे. दूधवाला असो नाहीतर डायरेक्टर. सातत्य महत्त्वाचं."

मी लागलीच सुरू केलं. भाजीवाल्यानं विचारलं, "पाव किलो की अर्धा?" मी मोजायला लागले. दोनवर पोहोचेपर्यंत त्यानं माझ्या मागच्या बाईंची गवार तोलायला घेतली. "ठरलं की सांगा," एवढंच म्हणाला. रिक्षावाले तर थांबतच नसत. कुठे जायचं विचारत आणि मी तीन म्हणेपर्यंत चौक ओलांडून गेलेले असत. त्या महिन्यात मी खूप चालले.

ऑफिसात मात्र वेगळंच घडलं. अमेरिकेतल्या ग्राहकाशी फोनवर मीटिंग होती. स्पीकरफोन टेबलावर, शेजारी आमचे मॅनेजर. पलीकडून साहेबानं विचारलं, काम दोन आठवड्यांत होईल ना? होणार होतं. मी मोजायला लागले. "बरं, तीन आठवडे," तो म्हणाला. प्रश्न बदलला म्हणून मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. "चार. पण त्यापुढे नाही."

मॅनेजरनी फोनचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे अत्यंत आदरानं पाहिलं. "यापुढे प्रत्येक मीटिंगला तू बसायचं," ते म्हणाले. "आणि जमलं तर काही बोलूच नकोस."

प्रश्न उरला घरमालकीणबाईंचा. त्या निवृत्त शिक्षिका, मी त्यांना काकू म्हणायची. "पोळ्या किती वाढू?" याला मी तीन आकडे मोजून "दोन" म्हणायची. आठवडाभरात काकू मोठ्यांदा विचारू लागल्या. दुसऱ्या आठवड्यात हातवारे करून. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला पलीकडच्या गल्लीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी.

"हिला ऐकू येतं, पण उशिरा," काकूंनी सांगितलं.

मला खुलासा करायचा होता. पण सर सातत्य म्हणाले होते, आणि डॉक्टर ही नवी ओळख होती. त्यांनी कानांवर हेडफोन चढवले. "आवाज आला की बटण दाबायचं." बारीक शिट्टी वाजली. एक, दोन, तीन, बटण. आता मोजायची सवय हातालाच लागली होती. शिट्टी मोठी झाली, बारीक झाली, डाव्या कानात गेली, उजव्या कानात आली. माझं बटण दर वेळी तेवढंच मागे.

डॉक्टरांनी यंत्राला दोन टपल्या मारल्या आणि काकूंना हेडफोन घालून बसवलं. काकूंचं सगळं वेळेवर.

"असं मी कधी पाहिलं नाही," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी डोक्याला मार लागला होता का हो तुमच्या?"

मी मोजलं.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या.

डॉक्टर चिठ्ठीवर मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता लिहायला लागले तेव्हा मी घाबरले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. क्लास, सर, भाजीवाला, अमेरिका. डॉक्टर कागद फाडून खिडकीबाहेर बघत राहिले. हसू आवरत असावेत. काकूंनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग विचारलं, "तीन आकडे मोजून हेच सुचायचं तुला?"

घरी मी मोजणं त्याच दिवशी सोडलं. ऑफिसात सोडता आलं नाही. मॅनेजर म्हणाले, प्रोजेक्ट संपेपर्यंत तुझ्या स्वभावात बदल नको. त्यामुळे मी दिवसभर विचारी राहायची आणि संध्याकाळी दार उघडताच काकूंना दिवसभराचं साठलेलं सगळं सांगायची, स्वयंपाकघरात, गॅलरीत, त्या देवापुढे दिवा लावत असतानाही.

दहा-बारा दिवस त्यांनी ऐकलं. मग एकदा ताटात पोळी टाकत म्हणाल्या, "अगं, आठवड्यातून एखादा दिवस पूर्वीसारखी बहिरी होत जा."

मी लगेच हो म्हटलं, आणि हो का म्हटलं ते सांगायला सुरुवात केली.