निजलेत

मी शिकायला पोलंडला निघाले त्या दिवशी कोल्हारच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा पप्पांनी मला बॅग उचलू दिली नाही. स्वतः उचलून डिकीत ठेवली आणि हात झटकत म्हणाले, "पोहोचलीस की आधी प्रमेय, मग फोन." ते गावातल्या शाळेत गणित शिकवत. मी वाकून आईच्या पाया पडले आणि म्हटलं, "जाते मी." आई चारचौघांत कडाडली, "जाते म्हनत्यात का, बये? येते म्हन." मी येते म्हटलं. तिने मान हलवली, जणू आता माझं परत येणं पक्कं झालं.

यंदाच्या हिवाळ्यात पोलंडमधले माझे प्रोफेसर वारले. विभागाने त्यांच्यावर लेख मागितला, तो मी पोलिशमध्ये लिहून दिला. त्यात जे बसत नव्हतं ते इथे लिहिते आहे, कोल्हारात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठी.

तिकडे प्रोफेसरांना 'पान प्रोफेसॉर' म्हणावं लागतं. पान म्हणजे साहेब. पहिल्याच फोनवर हे सांगितलं तेव्हा आई खळखळून हसली. "मास्तरला पान म्हनत्यात व्हय? मग चुना कोन लावतो?" मागून पप्पांचा दम ऐकू आला, "अगं, मोठा माणूस आहे तो."

मोठे होतेच. बारीक अंगाचे, खडूने कायम पांढरी झालेली बाही, आणि वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी न खपवून घेणारे. पहिल्या आठवड्यात त्यांच्या खोलीतून निघताना मी नव्याने शिकलेल्या पोलिशमध्ये, सवयीने, "येते" म्हटलं. त्यांनी मान वर केली. "येतेस? तू तर दाराबाहेर चालली आहेस." बाकीचे विद्यार्थी हसले. मी आमची रीत समजावून सांगितली. ते हसले नाहीत. "चुकीचं वाक्य एकदा खरं मानलं की त्यावरून काहीही सिद्ध करता येतं. माझ्या खोलीत ते बोलू नकोस."

त्यामागचं कारण पुढे त्यांनीच एकदा सांगितलं, सहज, हवापाणी सांगावं तसं. त्यांच्या वडिलांचं जोडे दुरुस्त करायचं दुकान होतं. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत एका सकाळी दोन सरकारी माणसं वडिलांना चौकशीला न्यायला आली. जाताना वडिलांनी दाराला पाटी अडकवली, 'झाराझ व्रात्साम', एवढ्यात येतो. तिकडच्या दुकानांवर ही पाटी आजही दिसते. वडील परत आले नाहीत. आई पाटी काढेना. गिऱ्हाईकं वाचायची, थोडी थांबायची, जायची. पाच वर्षांचं पोर, म्हणजे हेच, आतून काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत बसायचं.

त्यांचा विषय फंक्शनल अॅनालिसिस. त्यात अवकाश असतात आणि त्या अवकाशांतला एक गुण म्हणजे पूर्णता. बिंदू एकमेकांच्या जवळ जवळ सरकत जातात, कुठेतरी पोहोचणार असं दिसतं, पण पोहोचायची जागाच अवकाशात नसेल तर तो अवकाश अपुरा. हे मी पप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पाटाचं पाणी. रोज ऐकायचं की आलं, आलं. टेलच्या माणसाला, पार शेवटच्या शेताला, कधी मिळत नाही." प्रोफेसरांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. कोल्हारच्या मास्तरला विषय कळतो, म्हणाले.

तिशीत त्यांनी एक प्रमेय सिद्ध केलं होतं. त्याने त्यांना नाव मिळवून दिलं. पण त्यात एक अट होती, आणि ती अट काढून टाकता येईल या विश्वासावर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य घालवलं. लग्न केलं नाही. माझ्या प्रबंधात मी एक उदाहरण बांधलं. त्या उदाहरणाने ठरलं की ती अट कधीच काढता येणार नाही. त्यांनी ते घरी नेलं, महिनाभर तपासलं, आणि समोर ठेवून म्हणाले, "बरोबर आहे." तेवढंच.

प्रबंधाची तोंडी परीक्षा ठरली आणि त्याच सुमाराला पप्पांचं डायलिसिस सुरू झालं. मला एवढंच सांगितलं होतं, शुगर वाढलीय. मी येऊ का विचारलं तर पप्पा म्हणाले, "परीक्षा देऊन ये. अर्धी सोडलीस तर मी तोंड बघणार नाही." माझी शिष्यवृत्ती आणि तिथे राहायचा परवाना दोन्ही त्या महिन्यात संपत होते.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी फोन केला. आईने उचलला.

"पप्पा कुठायत?"

"निजलेत."

"एवढ्या लवकर?"

तिने फोन ठेवून दिला. मंगळवारी पुन्हा केला. पुन्हा तेच, "निजलेत." मी म्हटलं, "उठले की फोन करायला सांग." पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, रेंज गेली.

शुक्रवारी परीक्षा झाली. पहिल्या रांगेत बसून प्रोफेसरांनी आपल्या आयुष्याचा निकाल शेवटच्या ओळीपर्यंत ऐकला. फुलं झाली, वाइन झाली. मग मला खोलीत नेऊन त्यांनी दार लावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. "तुझे वडील रविवारी वारले. दफन झालं आहे."

पप्पांनी दवाखान्यातून त्यांना स्वतः फोन केला होता, शाळेतल्या इंग्रजीत. दोनच गोष्टी विचारल्या होत्या. तिचं बरोबर आहे का? आणि मी आधी गेलो तर तिला परीक्षेनंतर सांगाल का? दोन्हींना प्रोफेसरांनी हो म्हटलं होतं. रविवारी माझ्या मामेभावाने त्यांना कळवलं.

"आठवडाभर तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"नाही," ते म्हणाले. "तू विचारलं नाहीस."

काचेला नाक लावून बसलेल्या त्या पोराला हे नेमकं ठाऊक होतं की बंद दारासमोर माणसाला उभं करणं म्हणजे काय. ठाऊक असून त्यांनी मला उभं केलं. मी त्यांना माफ केलं नाही आणि त्यांनी कधी माफी मागितलीही नाही. तरी नंतर मी त्यांच्याच शेजारच्या खोलीत नोकरी केली, शेवटी त्यांच्या तोंडात पाणीही घातलं. चुना कोण लावतो, हा आईचा विनोद मला त्या सगळ्या वर्षांत आठवायचा.

परीक्षेनंतर मी कोल्हारला पोहोचले तेव्हा कबरीवर माती अजून उंच होती. लाकडी क्रुसावर रंगाने लिहिलं होतं, प्रभूत निजले. आमच्या चर्चमध्ये मेलं कुणी म्हणत नाही. उपासना संपली की पाळक सांगतात, अमके प्रभूत निजले, आणि लहान पोरांनाही कळतं की आता दफन आहे. त्या शब्दातच मी वाढले होते.

आई मागे उभी होती. म्हणाली, "त्यांनी बायबलावर हात ठेवून शपथ घातली, पोरीला सांगू नको. खोटं बोल म्हनले. मी खोटं न्हाई बोलले. दोनदा सांगितलं तुला."

"आई, मला वाटलं झोपलेत."

"तुला आपली भासा कळंना झाली, त्याला मी काय करू? तुमी शिकलेल्या मानसांनी ठरवलं. माती मी एकलीनं लोटली."

तेव्हापासून मी दर वर्षी येते. पोलंडमधलं पोझनान, मुंबई, नगर, कोल्हार, रस्ता तोच. दर फाट्यागणिक जवळ येत जाते आणि दारात पाऊल ठेवलं की कळतं, जिथे पोहोचायचं होतं ती जागा इथे नाही. आई जेवायला वाढते, चौकशी करते, शेजारणींना माझा पगार सांगते. तिने मला कधी जवळ घेतलं नाही की ती कधी रागावलीही नाही.

या खेपेला ती स्टँडवर आली. मी वाकले आणि म्हटलं, "येते."

"जाते म्हन."

मला वाटलं, चेष्टा करते.

"जाते म्हन. तुमी येते म्हनायचं आनि मी वरीसभर दाराकडं कान लावून बसायचं. बास झालं आता."

मी म्हटलं, "जाते."

पान प्रोफेसॉरांनी या वाक्यात चूक काढली नसती. तिकडचे लोक विचारतात, तुझं घर कुठे? सगळ्या जगात एकच जागा होती जिथे माझं 'येते' हे चुकीचं वाक्य खरं मानून घेत होते. तेच माझं घर होतं.

एसटी पुलाकडे वळली तेव्हा सवयीने मागे पाहिलं. आई थांबली नव्हती.